झेंडूचा रंग

गाड्यांचे दिवे आपसांत बोलायचे, त्या काळातली गोष्ट. सांगलीच्या इंदुताईंची लाल स्पोर्ट्स कार म्हातारी झाली होती आणि तिच्या दोन्ही दिव्यांच्या काचा धुरकटल्या होत्या.

दसऱ्याला गाडीला हार घातला की डावा दिवा हळहळायचा, "पूर्वी झेंडू कसे पिवळेधमक असायचे!"

"हल्ली फिकेच येतात," उजवा म्हणायचा.

यंदा ताईंनी दिवेच बदलायचं ठरवलं. गफूर मिस्त्री म्हणाला, "घाई नको ताई. आधी घासून बघू." त्याने पॉलिश पेपर पाण्यात भिजवून डावा दिवा लख्ख केला. समोर ताई हार घेऊन उभ्याच होत्या.

"यंदाही फिकेच ना रे?" उजव्याने विचारलं.

डावा हाराकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तुझं घासून होऊ दे. मग बोलू."