सरांच्या घराची नक्कल

“मूळ यादीला मी हातसुद्धा लावला नाही सर, मग ती बदलली कशी?”

शार्दूलचा आवाज चढला होता. धरणाखालच्या अकरा गावांना सावध करणाऱ्या भोंग्यांचा प्रोग्राम त्याने डी या संगणकभाषेत एकट्याने लिहिला होता, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

पाणी किती चढलं की कुठल्या गावाचा भोंगा वाजवायचा, त्या इशाऱ्याच्या पातळ्यांच्या यादीची सकाळी त्याने प्रत काढली, चाचणीपुरती त्या प्रतीत कोंडबाव गावाची पातळी वाढवली. चाचणी झाली, प्रत टाकून दिली. पाहतो तर मूळ यादीतही तीच वाढ. दुपारी चारला धरणातून पाणी सुटायचं होतं, आणि कोंडबावचा भोंगा आता वाजणारच नव्हता.

काझीसरांनी हो म्हटल्याशिवाय धरणाचे दरवाजे उघडत नसत.

“प्रत कशी काढलीस?”

“नक्कल काढायची ती डुप आज्ञा लिहून. सगळे तशीच काढतात.”

सरांनी खिशातून एक चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

“ही नक्कल आहे, कालच करून घेतली. आता तुझ्याकडे माझ्या घराची प्रत आहे.”

“घराची कुठे? चावीची.”

“मग जा, आत जाऊन माठ फोड. कोणाचा फुटेल?”

“तुमचाच…”

शार्दूलने पडद्यावर यादी पुन्हा उघडली. यादीतल्या गावाच्या नोंदीत पातळ्या नव्हत्याच, त्या कुठे ठेवल्या आहेत त्याचा फक्त पत्ता होता. त्याने पत्त्यांची नक्कल केली होती.

तो खाली मान घालून कामाला लागला. मूळ पातळ्या नीट केल्या, मग चाचणीसाठी थेट तळातल्या आकड्यांपर्यंत एकूण एक गोष्ट नव्याने उतरवली. शेवटी मूळ यादीवर इम्युटेबलचा, म्हणजे ‘कधीच न बदलणारी’ असा शिक्का मारला. साडेतीन वाजले होते.

“झालं सर. आता ब्रह्मदेव आला तरी ही यादी बदलायची नाही.”

“तू आलास तर?”

शार्दूलने ओठ चावला. यादीकडे जाणारी, शिक्का मारण्याआधीची जुनी वाट त्याने प्रोग्राममध्ये एका नावाखाली जपून ठेवली होती. अडीअडचणीला असावी म्हणून. तिथून यादी अजूनही बदलता येत होती.

“मी कशाला बदलेन, सर? लिहिणारा मीच ना…”

सरांनी तळहात पुढे केला.

शार्दूलने मुकाट्याने चावी परत दिली. सरांनी ती खिशात टाकली आणि हात पुन्हा तसाच पुढे धरला.

बाहेर दरवाजांवरची माणसं खोळंबली होती. पावणेचार…

“दुसरीही दे.”