बरणीतली समुद्रकाकडी

एकदा एक विद्यार्थिनी काचेची बरणी घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे आली. बरणीत खोल समुद्रातून काढलेली समुद्रकाकडी होती. असतो तो जीवच, पण दिसतो काकडीसारखा, म्हणून हे नाव. गुरूंची सारी हयात अशा जिवांच्या जाती ओळखण्यात गेली होती.

"सर, नवी जात सापडली!" तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

समुद्रकाकडीच्या कातडीत चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. कुठे चाकासारखे, कुठे जहाजाच्या नांगरासारखे. जात ओळखायची ती बहुधा त्यांवरून. हिच्या कातडीत मात्र एकही कण नव्हता, आणि तेच हिचं लक्षण, असं विद्यार्थिनीने ठरवून टाकलं होतं. लेख तयार होता. जातीला ती आपल्या दिवंगत आईचं, द्वारकाबाईंचं नाव देणार होती. लेकीला शिकवण्यासाठी त्या माउलीने हाडं झिजवली होती. तिच्या नावाचा कुठेतरी मान व्हावा, एवढीच लेकीची इच्छा. यात वावगं काय होतं?

गुरूंनी बरणी उजेडात धरली. "बोटीवर कशात ठेवलीस ही?"

"फॉर्मॅलिनमध्ये. वर्ष होत आलं."

गुरूंच्या खिडकीत एक नाजूक शिंपला असे, तिनेच कधीतरी गुरुपौर्णिमेला दिलेला. गुरूंनी बरणीतलं थोडं फॉर्मॅलिन, म्हणजे नमुने टिकवायचं रसायन, एका बाटलीत ओतलं, शिंपला त्यात सोडला आणि झाकण लावलं. "गणपती झाले की ये. तोवर लेख पाठवू नकोस."

तिला फार लागलं. म्हाताऱ्याला आपलं यश बघवत नाही, असंही मनात येऊन गेलं. माणूसच ती.

गणपती झाल्यावर ती आली. शिंपल्याची तकाकी गेली होती, रेघा पुसल्या होत्या, कडा विरल्या होत्या.

"माझाच शिंपला का घेतलात, सर?"

"त्याला रेघा होत्या, हे तुला वेगळं सांगावं लागू नये म्हणून. अगं, फॉर्मॅलिन जुनं झालं की आम्ल होतं आणि चुना खातं. हा शिंपला आज कुणी पहिल्यांदा पाहिला, तर बिनरेघांची जात म्हणून मोकळा होईल. एखाद्याजवळ काही दिसलं नाही, तर ते आपल्याच हातून गेलं नाही ना, हे आधी पाहावं. माणसांचंही तसंच आहे. याला मायाच नाही, असं आपण किती सहज म्हणतो!"

तिचे डोळे भरून आले. "मग आईचं नाव?"

"समुद्र अजून पुष्कळ पाहायचा आहे. आपल्या बरणीने केलेल्या नुकसानाला तिचं नाव कशाला देतेस?"

मग तिने बरणीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लिहिली: 'जात अनिश्चित. कण आमच्या हातून गेले असावेत.' खाली सही करताना तिने पहिल्यांदाच स्वतःच्या नावापुढे आईचं नाव लावलं.