नकार द्यायला निघालेला शेठ

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात भानाशेठ नावाचा मिठाचा व्यापारी राहत होता. माणूस कष्टाळू, बोलायला तिखट, पण मनाने वाईट नव्हता. दारी आलेला पाहुणा त्याच्याकडून कधी उपाशी गेला नाही.

एकदा राणीने दवंडी पिटवली. राजधानीतल्या मोठ्या पाठशाळेत यापुढे कोणाकडूनही शिकण्याचे पैसे घेतले जाणार नाहीत. ज्याची शिकायची तयारी असेल, त्याने यावे. खर्च राज्य करील आणि त्यासाठी मिठावरची जकात वाढेल.

भानाशेठचा पारा चढला. तो तडक दरबारात गेला. म्हणाला, "राणीसाहेब, लिहिण्यावाचण्यापुरतं गावात शिकवतात, ते ठीक. पुढचं ज्याला हवं त्याने स्वतःच्या बळावर शिकावं. लोकांच्या पोरांचा भार माझ्या मिठावर का?"

राणीने शांतपणे ऐकून घेतले. "शेठ, तुमच्या गावची तीन मुलं येणार आहेत. ज्याला शिकवू नये असं वाटेल, त्याच्या दारी जाऊन तुम्ही स्वतः तसं सांगा. त्याला मी घेणार नाही, आणि तुमची जकातही माफ करीन."

शेठ खूश होऊन परतला आणि आधी कोळीवाड्यात हौसाच्या घरी गेला. तिची आई अंगणात मासळी सुकवत होती. शेठला आलेला पाहून हौसाने लगबगीने पाट मांडला.

"काय शिकणार गं तू?"

"खाडीचा बांध बांधायला, शेठ. दरसाल आपण माती टाकतो, दरसाल तो फुटतो. माझा बाप त्यातच गेला. बांध का फुटतो, ते इथे कोणालाच सांगता येत नाही."

नकार शेठच्या अगदी ओठांवर होता. पण पोरीच्या तोंडाकडे पाहून शब्द बाहेर पडेना. पाणी पिऊन तो उठला.

पुढचे घर येसू साळ्याचे. त्याच्या मुलाला, माणकूला, ग्रहतारे शिकायचे होते. इथे काम सोपे, असे शेठला वाटले.

"ताऱ्यांचा काय उपयोग रे, येसू?"

येसूने माग थांबवला. "मलाही कळत नाही, शेठ. पण पोराला दुसरं काही सुचत नाही. तुम्हीच सांगा, त्याला नाही कसं म्हणू?"

शेठ तिथूनही तसाच माघारी फिरला.

तिसरे दार त्याचे स्वतःचे होते. आत नातू गाठोडे बांधत होता. या दारात 'नाही' म्हणण्याचा विचारसुद्धा शेठच्या मनात आला नाही, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. आपल्यापाशी पैसा आहे आणि त्यांच्यापाशी नाही, एवढाच काय तो फरक!

तो पुन्हा दरबारात उभा राहिला. "एकाही दारात मला नाही म्हणता आलं नाही. जकात खुशाल वाढवा, राणीसाहेब."

"आणि तुमचा नातू?"

"तोही त्यांच्याच पंगतीला बसू दे."

पुढे हौसा शिकली. गावचा बांध तिने नव्याने बांधला, मग किनाऱ्यावरच्या गावोगावहून तिला बोलावणी येऊ लागली. माणकूला मात्र गणित झेपले नाही. तो अर्ध्यातून परतला आणि बापाच्या मागावर बसला. बाजारात कोणीतरी टोमणा मारला, "शेठ, तुमचं मीठ पाण्यात गेलं की!"

भानाशेठ म्हणाला, "जाऊ दे. त्याला जमलं नाही म्हणून तो परत आला. कोणी दार लावून घेतलं म्हणून नव्हे."

तात्पर्य: विद्येचे जे दार आपल्या लेकरासाठी उघडे असावे असे वाटते, ते प्रत्येक लेकरासाठी उघडे ठेवण्याचा भार सगळ्यांनी मिळून उचलावा.