देवळाच्या भिंतीतल्या चिपा

एका गावात रखमाजी नावाचा एक कासार राहत होता. राहत होता म्हणजे भाड्याच्या खोलीत. स्वतःचं घर व्हावं, हा एकच ध्यास त्याने घेतला होता.

एकदा बांगड्या विकायला तो आडवाटेने निघाला, तर बाभळीच्या रानात त्याला एक पुरातन देऊळ दिसलं. शिखर केव्हाच पडलेलं, मंडप तेवढा उभा होता. चुना नाही, माती नाही; दगडावर दगड नुसते बसवलेले आणि फटींत दगडाच्या पातळ चिपा ठोकलेल्या. त्या मंडपात तानूबाई नावाची एक निराधार म्हातारी राहायची. झाडलोट करायची, पिंडीवर पाणी घालायची.

जुन्या देवस्थानी दगडांची उतरंड रचली की घर होतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. रखमाजी लगेच दगड गोळा करू लागला. पण रानातले दगड गोलमटोल, एकावर एक ठरेनात. मग त्याने भिंतीतल्या दोन चिपा उपसून त्या दगडांच्या मधे सारल्या. उतरंड कशी झकास उभी राहिली!

"अरे बाबा, चिपा नको रे काढू," तानूबाई म्हणाली. "सगळा भार त्यांच्यावर आहे."

"एवढ्या मोठ्या देवळाला माझ्या दोन चिपांनी काय होतंय, मावशी?"

रखमाजीच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ! बांगड्या भरता भरता त्याने ती गावोगाव सांगितली. सोमवारपासून माणसांची रीघ लागली. कुणाला साधं घर हवं होतं, कुणाला माडी. जो तो भिंतीतून दोनच चिपा काढी. तानूबाई ओरडून ओरडून थकली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

एके सकाळी रखमाजी बायकोला देऊळ दाखवायला घेऊन आला. पाहतो तर काय, मंडप भुईसपाट! तानूबाई ओढ्यावर पाण्याला गेली होती म्हणून वाचली. तिचं अंथरूण, चूल, मडकी सगळी ढिगाऱ्याखाली गेली होती. लोकांच्या उतरंडी मात्र जशाच्या तशा उभ्या होत्या.

रखमाजी तिच्याकडे धावला. "मावशी, आता तुम्ही राहणार कुठं?"

तानूबाईने उतरंडींकडे बोट केलं. "तूच सांग, बाबा. एवढी घरं मागितलीत तुम्ही. त्यातलं एखादं झालं का?"



तात्पर्य: 'माझ्या दोन चिपांनी काय होतंय' म्हणणारे गोळा झाले की उभं देऊळ पडतं, आणि राहतं घर जातं ते भलत्याचंच.