खर्शीकर साहेबांचे हेडलाइट

वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या खर्शीकर साहेबांनी गाडीचे नवे हेडलाइट स्वतःच बसवले आणि घरादाराला वैताग आणला. दिवे नुसते मिणमिणायचे, आणि इंडिकेटर दिला की तेही लुकलुकायला लागायचे. घाट उतरून नातीच्या बारशाला जायचं होतं. बाईसाहेबांनी सांगून टाकलं, "या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही."

दोन मिस्त्री म्हणाले, जोडणी चुकली आहे. दोघांनाही साहेबांनी हाकललं. तिसरे आले बाबालाल मिस्त्री. त्यांना साहेबांनी आधीच बजावलं, "तीस वर्षं गावंच्या गावं उजळली मी. माझ्या एकाही जोडाला हात न लावता दोष काढायचा."

बाबालालनी बॉनेट उघडलं आणि मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. दोन्ही दिव्यांच्या अर्थिंगच्या काळ्या तारा कशालाच न जोडता मोकळ्या लोंबत होत्या. त्यांनी त्या गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळल्या. दिवे लख्ख पेटले.

"लावलास ना हात माझ्या कामाला?" साहेब गरजले.

"नाही साहेब," बाबालाल हात पुसत म्हणाले, "तुमचे सगळे जोड जिथल्या तिथे आहेत. जो तुम्ही केलाच नव्हता, तेवढाच मी केला."

साहेब तोंड उघडायच्या आत बाईसाहेब गाडीत जाऊन बसल्या.