थोराचा चीक

पूर्वी वैरंगी नगरात दृढसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराजवळच्या डोंगरावरच्या लोकांत जन्मला होता. त्याचे नाव सानुक. मोठेपणी तो त्या लोकांचा नायक आणि वैद्य झाला.

तो डोंगर काळ्या खडकाचा. पाऊस सरला की तिथले गवतही करपून जाई. पण भेगांतल्या मूठभर मातीत थोर हे निवडुंगासारखे काटेरी झाड पुरुषभर उंच वाढे. त्याच्या जाळीत तितर अंडी घालीत आणि त्याच्या आडोशाने उंबराची रोपे शेळ्यांपासून वाचत. फांदी मोडली की पांढरा चीक वाही. तो डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होई. डबक्यात पडला तर मासे उलटे होऊन वर येत.

राजाने शेजारच्या वेत्रपुराला वेढा घातला होता. डोंगरातला ओढा त्या नगराच्या तळ्याला मिळे. ओढा अडवून उपयोग नव्हता, तळ्यात वर्षभराचे पाणी होते. म्हणून राजा शिपाई घेऊन डोंगरावर आला.

“चाळीस घागरी चीक काढ आणि ओढ्यात ओत.”

“नाही,” सानुक म्हणाला.

राजाला वाटले, याला नीट ऐकू आले नसावे. “हा हुकूम आहे.”

“ऐकला, महाराज. ते पाणी बाळंतिणी पितात, गुरं पितात. मी ओतणार नाही. माझ्या माणसांतलं कोणीही ओतणार नाही.”

“तुझ्याच डोळ्यांत घालीन चीक!”

“घाला. घागरी तरीही रिकाम्याच राहतील.”

राजाने त्याला झाडाला बांधले आणि शिपायांना थोर तोडायला लावले. घावासरशी चीक उडू लागला. घाम पुसायला हात डोळ्यांकडे गेले. थोड्याच वेळात बारा शिपाई किंचाळत खडकावर लोळू लागले.

“चोळू नका!” सानुक ओरडला. “सामा, झऱ्याचं पाणी आण!”

त्याची बायको सामा घागर घेऊन धावत आली आणि थबकली. “यांनी तुम्हाला बांधलंय. आणि यांचेच डोळे धुवायचे?”

“आधी धुऊ. भांडायचं ते नंतर भांडू.”

राजाने स्वतः दोर कापला. दिवस मावळेपर्यंत नवराबायको पाणी ओतत राहिली. दहा जणांना दिसू लागले. दोघांना पुन्हा कधीच दिसले नाही.

राजा जवळ आला. “तुझे उपकार झाले. आता तरी माझं ऐक.”

“नाही,” सानुक म्हणाला. चिकाने त्याचे हात सोलून निघाले होते. “यांचे डोळे वाचले ते स्वच्छ पाण्याने. तळं नासल्यावर वेत्रपुरातल्या लोकांनी डोळे कशाने धुवायचे, तेवढं सांगा.”

राजाने त्या दोन आंधळ्या शिपायांकडे पाहिले. ते चाचपडत एकमेकांचा हात शोधत होते. दुसऱ्या दिवशी वेढा उठला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज ही कथा ऐकून मागे मान खाली घालून बसलेला भिक्षू मेघिल. सामा म्हणजे भिक्षुणी सुतनू. आणि सानुक मीच होतो. धमकीपुढे जो नकार दिला, तोच उपकाराच्या गोड शब्दांपुढेही दिला, आणि तरी त्या शिपायांवर राग धरला नाही. या पारमितेचे, या परिपूर्ण गुणाचे, नाव अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय.”