पहिली टोपली डोंगराची

एका राज्यात राजा होता तो वर सिंहासनावर, आणि त्याची चांदी होती ती दूरच्या एका डोंगराच्या पोटात. मधले अंतर कापायला माणसे लागतात; ती राजांना नेहमीच मिळतात. राजाच्या जादूगाराने पाण्यात पाहून चांदीची शीर दाखवली, आणि जिथे चढताना बकरीलाही धाप लागे तिथे बघता बघता गाव उभे राहिले. खाण आली, मुकादम आला, हलवाई आला, देऊळ आले. गावाला रूपपेठ म्हणू लागले.

या गावाची एक रीत होती. रोज खाणीतून निघणारी पहिली टोपली खाणीच्या तोंडाशी परत ओतायची आणि म्हणायचे, "घे तुझे, दे आमचे." डोंगर घेई आणि देई. पण ती टोपली राजाच्या डोळ्यांत खुपली. फर्मान सुटले, "पहिली टोपलीही आमची."

खाणकऱ्यांना राजाशी भांडायची छाती नव्हती आणि रीत मोडायचीही नव्हती. त्यांनी मधली वाट काढली. टोपलीत टाकाऊ दगड भरायचे, वर चिमूटभर चांदीची भुकटी भुरभुरायची, आणि तेच डोंगराला ओतायचे. ज्याच्या पोटातून चांदी निघते त्याला चांदी ओळखता येणार नाही, असे या शहाण्यांना वाटले!

डोंगराने पुष्कळ सोसले. मग एका सकाळी सगळी शीर दगड झाली. मुकादम तिजोरी घेऊन सुखरूप उतरून गेला, कारण त्याने टोपली कधी ओतलीच नव्हती. खालून धान्य यायचे बंद झाले. तेव्हा धाकोजी नावाचा खाणकरी धान्य आणायला निघाला, आणि खिंडीत पाऊल टाकताच उभ्याउभ्या दगड झाला. खांद्यावरची रिकामी गोणीदेखील दगडाची झाली. मग कोणी गावाबाहेर पाऊल टाकेना. गाव उपाशी बसले.

धाकोजीची बायको भिवरा त्या दगडाला टेकून रडत होती. तिथे खाणीतली मैना आली. खाणीत विषारी वारा सुटला की ही मैना गप्प होई आणि माणसे बाहेर धावत. जन्मभर तिने गप्प होऊन जीव वाचवले होते. आज ती बोलली.

"भिवराबाई, डोंगराचा निरोप आहे. तुम्ही दगड दिलेत, तुम्हाला दगड मिळाला. माझ्या चांदीच्या तीन वस्तू परत आण. राजाचा पाळणा आण, जादूगाराचा आरसा आण. तिसरी मग सांगेन. तुला वाट मोकळी आहे."

भिवरा राजवाड्यात गेली. राजपुत्राचा पाळणा हलवला की आतून खाणकऱ्यांचा खोकला ऐकू येई आणि बाळाची झोप मोडे. राणी म्हणाली, "ने बाई, ही कटकट. आम्ही सोन्याचा करवला आहे."

भिवरा जादूगाराकडे गेली. तो हसला. "आरसा? खुशाल ने. यात पुढचा डोंगर पाहून झाला आहे माझा."

भिवरेने दोन्ही वस्तू खाणीत टाकल्या. मोठ्यांनी आपली चांदी अशी सहज दिली, कारण त्यांचे पोट भरले होते. मग मैना खाली मान घालून म्हणाली, "तिसरी वस्तू तुझ्या पायात आहे."

भिवरेच्या पायांत जोडवी होती. लग्नात धाकोजीने याच खाणीच्या चांदीची घडवली होती. सवाष्णीने जोडवी काढायची ती नवरा गेल्यावर; भिवरेने नवरा परत यावा म्हणून काढली. जोडवी खाणीत पडली, आणि डोंगराने सुस्कारा टाकला.

खिंडीत धाकोजी हलला. धावत आलेल्या भिवरेला पाहून त्याचे डोळे भरले. मग तिच्या उघड्या बोटांकडे त्याची नजर गेली.

"चांदी कुठे गेली?"

"ज्याची त्याला दिली."

"सगळी? मग इथे आता उरले काय?"

इतक्यात खालून राजाची दवंडी आली: "नव्या डोंगरात चांदी सापडली हो! दुप्पट मजुरी!" शाप सुटला होता, वाट मोकळी होती. रूपपेठ हंडेभांडी घेऊन निघाली. हलवाई गेला, पुजारी देव काखेत घेऊन गेला.

"चल, तिथे नवी जोडवी घडवू," धाकोजी म्हणाला.

"तिथे पहिली टोपली परत ओतणार का?"

धाकोजी पायाने माती उकरत राहिला. "मुकादम तोच आहे गं," तो म्हणाला, आणि उतरू लागला. दोनदा त्याने मागे पाहिले.

दारे वाऱ्यावर आपटू लागली. गवत चुलीपर्यंत आले. भिवरा खाणीच्या तोंडाशी बसून राहिली. मैनेने विचारले, "बाई, नवरा जिवंत झाला. त्याच्यासाठीच एवढे केलेस ना? मग तू का नाही गेलीस?"

"तो दगड झालेला एकदा पाहिला," भिवरा म्हणाली. "पुन्हा नाही बघवणार."

डोंगराचे डोंगराला मिळाले, राजाचे राजाला. भिवरेचे भिवरेला कोण देणार, ते ऐकणाऱ्याने सांगावे.